समकालीन कलेची पदवी: कापड चांगलं, शिवण तपासून घ्या

'समकालीन कला: प्रत्यक्ष काम आणि सिद्धान्त' अशा धर्तीच्या नावाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आता बऱ्याच विद्यापीठांत आहेत. नाव थोडंफार बदलतं, आतला माल साधारण तोच: स्टुडिओत जागा, आठवड्याला एखादा सेमिनार, अधूनमधून क्रिट (सगळ्यांसमोर काम मांडून त्यावरची चर्चा), एक लेखी प्रबंध आणि शेवटी प्रदर्शन. हा आढावा त्या मालाचा आहे, कुठल्या एका संस्थेचा नाही.

आधी तासांचा हिशेब. ब्रिटिश पद्धतीत एका क्रेडिटला 10 तास आणि एमएला 180 क्रेडिट, म्हणजे 1800 तास. युरोपातल्या विद्यापीठांच्या सामाईक ईसीटीएस क्रेडिटपद्धतीत वर्षाला 60 क्रेडिट, दर क्रेडिटला 25 ते 30 तास. आकडा भारदस्त दिसतो, पण हे शिकवण्याचे तास नव्हेत. शिकणाऱ्याने एकूण घालायचे तास आहेत. शिक्षक समोर असतात तो वेळ यातला छोटा तुकडा. बाकी सगळं एकट्याने. त्यामुळे फी भरून जे हाती येतं ते म्हणजे एक कोपरा, दाराची किल्ली, हत्यारं, आपल्यासारखी दहापंधरा माणसं आणि न टळणाऱ्या तारखा. कोणीतरी रोज शिकवेल या अपेक्षेने येणारा पहिल्या सहामाहीतच हिरमुसतो.

गोम आहे ती नावातल्या 'आणि' या शब्दात.

ब्रिटनमध्ये 1960 साली चित्रकार विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या समितीने कलाशिक्षणाला पदवीच्या तोडीचा दर्जा मिळावा म्हणून आराखडा दिला. त्यात सुमारे 15 टक्के वेळ कलेचा इतिहास आणि पूरक विषयांना ठेवायचा होता. हेतू चांगला होता. पण सिद्धान्ताला वेगळा तास, वेगळी खोली, वेगळे शिक्षक मिळाले आणि स्टुडिओतल्या मंडळींना तो तास म्हणजे पंधरा टक्के कर वाटू लागला. अभ्यासक्रमांची नावं तेव्हापासून कितीदा तरी बदलली, पण ती शिवण अजून तिथेच उसवते. सेमिनारला मंगळवारी एक माणूस येतो, क्रिटला गुरुवारी दुसरा, आणि दोघांनी एकमेकांचं बोलणं कधी ऐकलेलं नसतं. तपासणं सोपं आहे: वेळापत्रक मागा आणि सिद्धान्त शिकवणाऱ्यांचं नाव क्रिटच्या रकान्यात आहे का ते बघा. नसेल तर माहितीपुस्तिकेतल्या 'समन्वय' या शब्दाला काही अर्थ नाही.

शिवण पक्की असली की काय होतं, ते एका सत्रावरून कळतं. अमेरिकन कलाकार सोल लेविट यांनी 1967 मध्ये 'आर्टफोरम' मासिकात संकल्पनात्मक कलेवर काही परिच्छेद लिहिले. कल्पना हेच कला घडवणारं यंत्र, असा त्यांचा मुद्दा. पुढच्याच वर्षापासून त्यांनी भिंतीवरची रेखाटनं सुरू केली. सूचना त्यांच्या, रेघा पुष्कळदा दुसऱ्यांनी ओढलेल्या. चांगले शिक्षक हा लेख नुसता वाचून घेत नाहीत, त्याच दिवशी करून घेतात. अर्ध्या तासात एकाने चाळीस शब्दांच्या आत सूचना लिहायची. दोघांनी दोन वेगळ्या भिंतींवर दीड तासात ती अमलात आणायची. लिहिणाऱ्याने खोलीबाहेर थांबायचं. उरलेला तास चर्चेला.

समजा सूचना अशी आहे: 'भिंतीच्या मध्यापासून चारही कोपऱ्यांकडे सरळ रेषा ओढा. प्रत्येक रेषेवर एक चौरस काढा. चौरस एकमेकांना शिवू नयेत.' वाचताना अगदी नि:संदिग्ध वाटते. प्रत्यक्षात एकजण सुतळी ताणून कर्ण आखतो आणि ते छेदतात तो बिंदू मध्य धरतो. दुसरा स्विचबोर्डची पट्टी सोडून उरलेल्या भिंतीचा मध्य काढतो. 'रेषेवर चौरस' म्हणजे एकाला रेषा चौरसाच्या पोटातून जाणारी दिसते, दुसरा तीच रेषा चौरसाचा पाया करतो. एकाने एचबी पेन्सिल घेतली म्हणून तळहाताने भिंतभर काळं फासलंय. दुसऱ्याची कडक टूएच पेन्सिलची रेघ दोन पावलांवरून दिसेनाशी होते. आता काम कोणतं? कागद, की ही भिंत, की ती? चूक कोणाची, आणि तिला चूक तरी का म्हणायचं? या घडीला फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांचा 'लेखकाच्या मृत्यू'वरचा 1967 चा निबंध (अर्थ लेखक नव्हे, वाचक ठरवतो, हा त्याचा मुद्दा) वाचायला दिला, तर तो समजावून सांगावा लागत नाही. (भिंत रंगवायच्या आधी शिसं खोडरबराने उतरवून प्रायमरचा हात द्यायला हवा. थेट पांढरा रंग फिरवला की शिसं ब्रशबरोबर पसरतं आणि राखाडी सावली वर येते. हे सांगायला सगळे विसरतात.)

वाचनाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी प्रमाण चुकतं. आठवड्याला दोन लेख, मिळून चाळीसेक पानं, हे स्टुडिओचं काम सांभाळून पेलतं. पाच लेख दिले की कोणीच काही वाचत नाही आणि सेमिनारमध्ये तीन माणसं नावं फेकत बसतात. दिलेल्या लेखाची दोन वाचनं करावीत. पहिल्यात फक्त तीन गोष्टी टिपाव्यात: लेखकाचं म्हणणं काय, तो कोणाशी भांडतोय, आणि कोणत्या कलाकृतीच्या आधाराने. दुसऱ्या वाचनात ती कलाकृती समोर ठेवून म्हणणं टिकतं का ते बघावं. बहुतेक मुलं 'कोणाशी भांडतोय' हा प्रश्नच सोडून देतात. प्रतिपक्ष माहीत नसेल तर तत्त्वज्ञ आर्थर डान्टो यांचा 1964 चा लेख म्हणजे साबणाच्या खोक्यांबद्दलची विनाकारण लांबण वाटते. अँडी वॉरहॉल या कलाकाराने केलेल्या 'ब्रिलो' साबणाच्या खोक्यांत आणि दुकानातल्या खोक्यांत डोळ्यांना दिसणारा फरक जवळपास नसतानाही एक कला का, हा प्रश्न तेव्हा नेमका कोणाच्या पायाखालची जमीन काढत होता, ते शिकवणाऱ्याने आधी सांगायला हवं.

सिद्धान्त स्टुडिओत कामाला येतो का, यासाठी अमेरिकन कलासमीक्षक रोझलिंड क्राउस यांचा शिल्पाच्या विस्तारित क्षेत्रावरचा 1979 चा निबंध ही उत्तम कसोटी आहे. त्यांचं निदान असं की आधुनिक शिल्प शेवटी दोन नकारांच्या बेरजेवर येऊन ठेपलं: जे स्थापत्य नाही आणि जे भूदृश्यही नाही, ते शिल्प. मग त्या नकारांसमोर होकार ठेवतात आणि चौकोनी आकृतीत आणखी तीन जागा मोकळ्या होतात. स्थापत्य आणि भूदृश्य दोन्ही असलेली बांधणी ही एक, भूदृश्य आणि भूदृश्य-नसलेलं यांच्यामधली खूण केलेली जागा ही दुसरी, आणि स्थापत्य व स्थापत्य-नसलेलं यांच्यामधली, खऱ्या इमारतीच्या जागेतच हात घालणारी रचना ही तिसरी. आता समजा कोणी कॉरिडॉरमध्ये कमरेइतकी विटांची रांग रचली आहे. आकृती हाताशी नसेल तर चर्चा 'विटाच का?' यावर अडकते आणि उत्तर म्हणून बालपणीच्या आठवणी निघतात. आकृती असेल तर प्रश्न 'ही रांग कुठे उभी आहे?' असा होतो. भिंतीपासून सुटी, जाणाऱ्याच्या वाटेबाहेर ठेवली तर ती नुसती वस्तू. दाराच्या चौकटीला भिडवून येणाजाणाऱ्यांचा रस्ता वळवला तर तिने इमारतीच्या व्याकरणात हात घातला. तीच रांग मोकळ्या मैदानात नेऊन पावसाळ्यानंतर फक्त उमटलेला चर ठेवला, तर आणखी वेगळं काम. तीन पर्याय, एका दुपारी करून बघता येतात. मात्र काही सेमिनारांत ही आकृती पोस्टातल्या खणांसारखी वापरली जाते: काम उचला, खणात टाका, चिठ्ठी लावा. त्यापेक्षा लेख न वाचलेला बरा.

काही लेख जोडीनेच वाचावेत. फ्रेंच क्युरेटर निकोला बुरियो यांचं 1998 मधलं संबंधांच्या सौंदर्यशास्त्राचं (माणसांत जुळणारे संबंध हीच कला) प्रतिपादन एकटं वाचलं की सगळं गोड वाटतं: कलाकार रिरक्रित तिरावनिजा यांनी गॅलरीत रांधलं, लोक जेवले, बोलले, कला झाली. समीक्षक क्लेअर बिशप यांनी 2004 मध्ये त्यावर विचारलं की जुळलेले संबंध कोणत्या प्रकारचे, कोणासाठी आणि कशासाठी? जिथे कोणाचा कोणाशी वाद होत नाही ते जुळणं लोकशाहीचं म्हणायचं का? लोकसहभागाचा प्रकल्प करणाऱ्याने दुसरा लेख आधी वाचला तरी चालेल. वाचनयादीबद्दल तक्रार मात्र जुनीच आहे. एक आठवडा स्त्रीवादाचा (त्यात कलेतिहासकार लिंडा नॉकलिन यांचा 'थोर स्त्री कलाकार का झाल्या नाहीत?' हा 1971 चा निबंध ठरलेला), एक आठवडा वसाहतोत्तर विचारांचा, आणि बाकीचे दहा आठवडे होते तसेच. नॉकलिन यांचा प्रश्न संस्थांबद्दल आहे: कोणाला शिकायला मिळालं, नग्न मॉडेल समोर ठेवून रेखाटनाला कोणाला बसू दिलं. तो एका आठवड्यात कोंडला तर त्याचा दातच पडतो.

आता क्रिट. सगळ्यांसमोर काम मांडायचं आणि त्यावर बोलणं ऐकायचं. या पदवीचा जीव इथे आहे, आणि सर्वात जास्त हेळसांडही इथेच. अमेरिकेतल्या कॅलआर्ट्स या कलासंस्थेत कलाकार मायकेल ॲशर यांचा 'पोस्ट-स्टुडिओ' वर्ग लांबीसाठी प्रसिद्ध होता. सकाळी सुरू झालेली चर्चा रात्रीपर्यंत चाले. तितकं ताणायची गरज नाही, पण त्यामागचं तत्त्व खरं आहे. पहिल्या दहा मिनिटांत माणसं 'आवडलं' आणि 'हे बघून अमक्याची आठवण झाली' एवढंच बोलतात. कामाचं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

दिवसाला सहा कामं, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, मध्ये दहा मिनिटं जागा बदलायला: जवळजवळ पाच तास. ही मर्यादा. एका दिवसात बारा कामं कोंबली की दुपारनंतरच्या सहाजणांना थकलेली माणसं मिळतात. चाळीस मिनिटांची विभागणी अशी असली तर उत्तम: पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून बघायचं, पंधरा मिनिटं बघणाऱ्यांनी फक्त काय दिसतंय ते सांगायचं, करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, उरलेल्या वीस मिनिटांत करणाऱ्याने घरून लिहून आणलेले दोन प्रश्न विचारायचे. शिक्षकाने शेवटी बोलायचं. हा शेवटचा नियम मोडला की बाकीचे व्यर्थ, कारण शिक्षक बोलले की उरलेल्यांच्या माना डोलू लागतात.

बिघाड ठरावीक असतात. करणारा आधीच स्पष्टीकरण देतो आणि मग सगळे कामाऐवजी ते स्पष्टीकरण बघतात. पूर्ण झालेलं, फ्रेम केलेलं काम आणलं तर स्तुती मिळते किंवा शांतता; सत्तर टक्के झालेलं आणावं, म्हणजे बदलायला वाव राहतो. 'मोठ्या आकारात करून बघ' हा जगातला सर्वात आळशी शेरा आहे. तो ऐकू आला की विचारावं, 'मोठं म्हणजे किती, आणि त्याने कोणतं नातं बदलेल? बघणाऱ्याच्या देहाशी, की भिंतीशी?' निम्म्या वेळा उत्तर येत नाही. मांडणी आदल्या संध्याकाळीच करून घ्यावी. नाहीतर क्रिटच्या सकाळी कळतं की खोलीतली ट्यूबलाइट काचेवर नेमकी मध्ये चमकते.

नोंदी स्वतः घेऊ नयेत, बचाव करता करता लिहिता येत नाही. शेजारच्याला शब्दशः उतरवायला सांगावं आणि दोन दिवस वहीला हात लावू नये. मग शेऱ्यांचे तीन ढीग करावेत: त्यांना दिसलं आणि मला ठाऊक होतं ते; त्यांना दिसलं पण मला माहीत नव्हतं ते; मला म्हणायचं होतं पण कोणालाच दिसलं नाही ते. पुढचं काम बहुधा तिसऱ्या ढिगात असतं.

वर्कशॉपबद्दल थोडक्यात. लाकूड, धातू, छपाई, डार्करूम या प्रत्येकाचं सुरक्षा-प्रशिक्षण घेतल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नाहीत, तेव्हा पहिल्या महिन्यातच सगळी उरकून घ्यावीत, नको असलेलीसुद्धा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये (ओतकामाचं द्रव प्लास्टिक) ते घट्ट करणारा उत्प्रेरक साधारण 1 ते 2 टक्के. घाईने जास्त घातला किंवा जाड थर एकदम ओतला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि तुकडा तडकतो. धुळीचा मास्क रेझिनच्या वाफेला अडवत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचं फिल्टर लागतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळता वाळता तापून आपोआप पेट घेऊ शकतात. झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाकाव्यात. टेक्निशियन हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात मोलाचा माणूस, आणि फार थोड्या माहितीपुस्तिकांत त्याचं नाव असतं.

लेखनाकडे यायला हवं, कारण तिथे चांगली कामं स्वतःचं नुकसान करून घेतात. कलाकाराचं निवेदन दीडशे-दोनशे शब्दांत संपायला हवं. नेहमीचा नमुना असा: 'माझं काम स्मृती, अवकाश आणि ओळख यांच्यातल्या ताणांचा शोध घेत मानवी अस्तित्वाविषयी प्रश्न उपस्थित करतं.' हे वाक्य कुठल्याही कामाखाली खपतं, म्हणून कुठल्याच कामाचं नाही. तेच काम असंही सांगता येतं: 'घर रिकामं झाल्यावर भिंतीवर कॅलेंडरच्या आणि फ्रेमच्या जागी उरलेले चौकोन मी खऱ्या मापात ट्रेसिंग पेपरवर उतरवते. धूळ जिथे थांबली ती कड फक्त काढते. मधलं कोरं ठेवते.' स्मृती हा शब्द एकदाही आला नाही आणि त्याची गरजही पडली नाही. ज्या सेमिनारमध्ये असं संपादन बसून करून घेतात, तो निवडावा.

प्रबंधात दोन टोकं दिसतात: एक स्वतःच्या कामाचं आत्मचरित्र, दुसरं एखाद्या फ्रेंच तत्त्वज्ञाचा सारांश, ज्यात कलाकृती एकही नाही. ब्रिटिश अभ्यासक ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी 1993 मध्ये कलेविषयीचं, कलेमार्फतचं आणि कलेसाठीचं संशोधन असा भेद केला. तो अजून उपयोगी आहे. गुण यातल्या कशाला मिळणार ते विषय ठरवण्याआधी विचारून घ्यावं, कारण तिन्हींचे पुरावे वेगळे. अडलं तर साहित्याबद्दलच्या एका छोट्या निर्णयापासून सुरुवात करावी: इथे खिळा का, डिंक का नाही?

अंतिम प्रदर्शनात कला कमी आणि मजुरी जास्त, हे कोणी आधी सांगत नाही. भिंतीची भोकं बुजवणं, घासणं, दोन हात रंग, मग टांगणी. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 155 सेंटिमीटरवर ठेवायची रीत आहे. सगळ्यांनी एकच आकडा धरला तर खोली शांत दिसते. भिंत पोकळ पार्टिशनची असेल तर आधी ठोकून आतली फळी शोधावी, नाहीतर जड काम प्लास्टरसकट खाली. प्रोजेक्टरचं गणित सोपं: थ्रो रेशो (प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकातला आकडा) गुणिले चित्राची रुंदी म्हणजे अंतर. रेशो 1.5 आणि चित्र 2 मीटर रुंद हवं, तर भिंतीपासून 3 मीटर. खोलीची लांबीच अडीच मीटर असेल, तर हे उद्घाटनाच्या सकाळी कळून उपयोग नाही. एफएटी32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीच्या वरची फाइल बसत नाही. यंत्राचं स्लीप मोड बंद करावं आणि पुन्हापुन्हा चालणारा व्हिडिओ उद्घाटनाआधी किमान एक अख्खा दिवस चालवून बघावा; पहिल्या तासात सगळंच चालतं.

फोटो प्रदर्शन उतरवायच्या आधी नीट काढून ठेवावेत: कॅमेरा कामाला समांतर, कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ 100, भिंगाचं छिद्र एफ8च्या आसपास, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत सारख्याच रंगतापमानाचे दिवे, छताच्या ट्यूब बंद, पहिल्या फ्रेममध्ये रंग जुळवायची रंगपट्टी. कलाकार मार्सेल द्युशाँ यांनी 1917 मध्ये मुतारीचं भांडं 'फाउंटन' या नावाने कला म्हणून मांडलं, त्याची मूळ वस्तू हरवली. राहिला तो छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी काढलेला फोटो, आणि पुढचा सगळा वाद त्या फोटोवर उभा राहिला. पदवीनंतर अर्ज करतानाही परीक्षकासमोर तुमचं काम नसतं, फोटोच असतो.

ही पदवी कोणी घेऊ नये? ज्याला हात बसवायचा आहे, रेखाटन किंवा ओतकाम पक्कं करायचं आहे, त्याला इथे निराशा येईल. त्यासाठी कारागिराकडे किंवा कौशल्याच्या अभ्यासक्रमाला जावं. ज्याला फक्त वाचायचं आहे त्याने सरळ कलेतिहासाचा विभाग गाठावा, तिथली वाचनशिस्त जास्त कडक असते. ज्याचं काम आधीच सुरू आहे, थोडं अडलं आहे, आणि ज्याला चार अनोळखी माणसांकडून ते पाडून घ्यायची तयारी आहे, त्याला ही दोन वर्षं सोन्याची. पुस्तिकेतल्या प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांच्या नावांवर मात्र जाऊ नये. 1988 साली लंडनच्या गोदी भागातल्या रिकाम्या इमारतीत गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'फ्रीझ' हे प्रदर्शन भरवलं, ते पुढे प्रसिद्ध झालेले कलाकार डेमियन हर्स्ट विद्यार्थी असतानाच त्यांनी पुढाकार घेऊन. अभ्यासक्रमात तसा कुठला पेपर नव्हता.

प्रवेशाआधी विभाग बघायला बोलावतात त्या दिवशी स्वच्छ केलेला स्टुडिओ दाखवतात. त्याऐवजी वर्कशॉपच्या दारावरची नावनोंदणीची वही चाळावी. पुढची रिकामी वेळ तीन आठवड्यांनी असेल तर शेवटच्या सहामाहीत वेल्डिंगचं काम विसरा. आणि शक्य झालं तर एखाद्या क्रिटमध्ये मागे बसू द्या म्हणावं. शिक्षक किती मिनिटांनी बोलायला लागतात, घड्याळ लावून बघा.